पीएस५ऐवजी गेमिंग लॅपटॉप घेताय? कार्डाच्या नावाआधी वॅट विचारा

बारावीचा निकाल लागतो, इंजिनियरिंगला प्रवेश मिळतो आणि मुंबईतल्या पुष्कळ घरांत तोच विषय सुरू होतो. मुलाला पीएस५ (सोनीचा, टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल) हवा असतो, आईबाबांना कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाच असतो. मग कुणीतरी म्हणतं, "गेमिंग लॅपटॉपच घेऊन टाकू की! दोन्ही कामं होतील." होतात का? होतात, आणि चांगली होतात. पण लाखभर रुपये मोजूनही फसगत व्हायला भरपूर वाव आहे. खोक्यावर सगळं बरोबर लिहिलेलं असतं, ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या चिपचं, नाव दणदणीत असतं आणि घरी आल्यावर गेम अडखळत चालतो. असं का होतं आणि दुकानात उभ्या उभ्या ते कसं ओळखायचं, ते नीट समजून घेऊ.

माझं मत आधीच सांगतो. घरात कॉम्प्युटर लागणारच असेल, तर गेमिंग लॅपटॉप घ्या. फक्त गेमच खेळायचे असतील, तर कन्सोल घ्या. पीएस५च्या किमतीत पीएस५च्या ताकदीचा नवा लॅपटॉप मिळत नाही.

हिशोब तसा सरळ आहे, किमती २०२५च्या धरू. डिस्कचा पीएस५ साधारण पंचावन्न हजारांच्या घरात जातो. कॉलेजच्या कामाचा बरा, साधा लॅपटॉप चाळीस-पंचेचाळीस हजारांना पडतो. दोन्ही मिळून लाख होतात, आणि पीएस५शी टक्कर देणारे गेमिंग लॅपटॉप लाखाच्या आसपासच सुरू होतात. शिवाय कन्सोलवर विकतचे गेम इतरांशी ऑनलाइन खेळायचे तर पीएस प्लसची वर्गणी दरवर्षी भरावी लागते. पीसीवर ऑनलाइन खेळण्यासाठी अशी वेगळी वर्गणी नाही. कन्सोलच्या बाजूची जमेची गोष्ट म्हणजे डिस्क. गेम खेळून झाला की डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम तुमच्या खात्यालाच चिकटतो. मात्र विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. नवा गेम आपल्या लॅपटॉपवर झेपतो का, हे बघायला तेवढी सवलत पुरते.

मुंबईच्या घरात आणखी एक खर्च लपलेला असतो, तो म्हणजे टीव्हीचा. वन रूम किचनमध्ये टीव्ही एकच. संध्याकाळी सातपासून त्यावर मालिका, नंतर बातम्या, आयपीएलच्या दिवसांत सामना. कन्सोलला स्वतःचा पडदा नसतो. त्यामुळे रात्री साडेदहापर्यंत तो टीव्हीखाली नुसता पडून राहतो, नाहीतर वेगळा मॉनिटर घ्यावा लागतो आणि तो ठेवायला जागाही शोधावी लागते. लॅपटॉप हेडफोन लावून कोपऱ्यात चालतो, गणपतीत गावी नेता येतो, आणि टीव्ही मोकळा असला की एचडीएमआयची केबल लावून मोठ्या पडद्यावरही खेळता येतं. पीएस५चा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथने किंवा केबलने लॅपटॉपला जोडता येतो, तोही प्रश्न मिटला.

आता मुख्य मुद्दा. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिला पीएस५ आला (भारतात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळू लागला), तेव्हा त्याच्या आकाराची खूप चर्चा झाली. उंची ३९ सेंटिमीटर, वजन साडेचार किलो. एवढा मोठा कशाला? कारण गेम चालू असताना तो २०० वॅटच्या आसपास वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर टाकायला मोठा पंखा आणि धातूच्या पात्यांचा मोठा हीटसिंक लागतो. लॅपटॉपला हेच काम दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत करायचं असतं, तेही प्रोसेसर, बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळून. गेमिंग लॅपटॉपबद्दलचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात: तो किती उष्णता बाहेर टाकू शकतो? जेवढी टाकू शकेल तेवढीच वीज ग्राफिक्सच्या चिपला मिळते, आणि जेवढी वीज मिळेल तेवढाच गेम पळतो.

म्हणून एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाचं नुसतं 'आरटीएक्स ४०६०' असं नाव वाचून काहीच कळत नाही. लॅपटॉपमधला ४०६० एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढ्या मोठ्या पट्ट्यात चालवायची मुभा कंपन्यांना दिली आहे. बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये त्याला साठ वॅटच मिळतील, जाडजूड लॅपटॉपमध्ये पूर्ण ११५. खोक्यावरचं नाव दोन्हीकडे तेच, प्रत्यक्ष खेळताना मात्र फरक जाणवतो. कमी वॅटचा ४०७० हा पूर्ण वॅटच्या ४०६०पेक्षा मागे पडतो, असंही होतं, आणि गिऱ्हाइकाने मात्र वरच्या नंबरचे दहा-पंधरा हजार जास्त मोजलेले असतात. या वॅटच्या आकड्याला टीजीपी म्हणतात. शंभरच्या पुढे मात्र ४०५० आणि ४०६०ला फारसा फायदा होत नाही, त्यामुळे १०० आणि ११५ यांच्या फरकासाठी जीव टाकू नका. साठ आणि शंभर यांत फरक आहे, तो जरूर बघा.

नावांची आणखी एक गोम आहे. लॅपटॉपचा ४०७० आणि डेस्कटॉपचा ४०७० या दोन वेगळ्या चिप आहेत. डेस्कटॉपच्या कार्डात ५८८८ कोअर (एकाच वेळी गणितं करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या कार्डात ४६०८ कोअर आणि ८ जीबी. युट्यूबवर गेम सुरेख पळताना दिसतो, तो बहुधा डेस्कटॉपवर. बघताना 'लॅपटॉप' हा शब्द जोडून शोधा, आणि त्यातही तुमच्या मनातल्या नेमक्या मॉडेलची चाचणी शोधा.

दुकानात हे तपासणं सोपं आहे. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात, किंवा तुमच्या जवळच्या मोठ्या शोरूममध्ये गेलात, तर समजा समोर एक मॉडेल चालू ठेवलेलं आहे. विक्रेता म्हणणार, "फोर्टी-सिक्स्टी आहे साहेब, डोळे झाकून घ्या." त्याला म्हणायचं, "दोन मिनिटं बघू का?" स्क्रीनवरच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा (विंडोज ११ मध्ये 'शो मोअर ऑप्शन्स'खाली सापडतं). त्यात सिस्टिम इन्फॉर्मेशन नावाची खिडकी असते. ती उघडली की लांबलचक यादी दिसते आणि तिच्यात एक ओळ असते, 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'. तिच्यासमोर आकडा असतो: ७५ वॅट, ११५ वॅट, १४० वॅट, जो असेल तो. प्रोसेसरच्या वाट्याची उरलेली वीज ग्राफिक्सला वळवण्याची सोय त्या आकड्यात धरलेली असते, म्हणून ११५चं कार्ड १४० दाखवतं. तिथे नव्वदच्या खालचा आकडा दिसला तर गेमसाठी तो लॅपटॉप घेऊ नका, मग सवलत कितीही असो. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्याच मॉडेलच्या तपशिलात हा आकडा शोधा. तिथेही लिहिलेला नसेल, तर मी तरी ते मॉडेल बाजूला ठेवेन.

तिथेच उभे आहात तर आणखी एक पडदा उघडून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' असं दिसतं. तिथे '१ ऑफ २' असेल तर रॅमची एकच कांडी बसवलेली आहे. १६ जीबीची एक कांडी आणि ८-८ जीबीच्या दोन कांड्या, बेरीज सारखीच, पण दोन असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते आणि गेम जास्त सुरळीत चालतो. कंपन्या एक कांडी घालून पैसे वाचवतात. पूर्वी मी लोकांना बेधडक सांगायचो की आत्ता एक घ्या, दुसरी सहा महिन्यांनी टाका. २०२५च्या अखेरीपासून मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली आहे की रॅमच्या किमती भडकल्या आहेत, म्हणून जमल्यास सुरुवातीलाच दोन कांड्यांचं मॉडेल बघा. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. विकत घ्यायच्या आधी हे विचारलंच पाहिजे.

रॅमपेक्षाही जास्त गोंधळ असतो तो ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा, म्हणजे व्हीरॅमचा. गेममध्ये दिसणाऱ्या भिंती, कपडे, झाडं, चेहरे या सगळ्यांची चित्रं कार्डाला हाताशी लागतात. व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा समजा: लागणारं सगळं ओट्यावर मावलं तर भाजी झटपट होते, ओटा लहान असला की प्रत्येक वेळी खाली वाकून डबा काढायचा आणि परत ठेवायचा. कार्ड कितीही वेगवान असो, व्हीरॅम कमी पडली की माहिती साध्या रॅममधून आणावी लागते, आणि मग गेम मधूनच अर्धा सेकंद थिजतो किंवा भिंतींवरची चित्रं धुरकट राहतात. पीएस५मध्ये एकूण १६ जीबी मेमरी आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं ती वाटून घेतात. आजचे मोठे गेम त्या मेमरीचा अंदाज धरून बनतात. त्यामुळे ६ जीबीचा आरटीएक्स ४०५० आज परवडतोय म्हणून घेतला, तर चार वर्षांच्या कोर्सचं तिसरं वर्ष येईपर्यंत सेटिंग खाली खाली आणावी लागणार. माझ्या मते ८ जीबी ही किमान पातळी. नव्या मालिकेत आरटीएक्स ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्ही लॅपटॉप कार्डांना ८ जीबीच आहे, १२ जीबी मिळते ती ५०७० टीआयपासून, आणि तिथे किंमत एकदम उडी मारते. म्हणून सगळ्यांत समजूतदार खरेदी ४०६० किंवा ५०६० ची ठरते. पूर्ण वॅटचा ४०६० पीएस५च्या बरोबरीला येतो, काही गेममध्ये पुढेही जातो.

'फ्रेम' हा शब्द मुलांच्या तोंडी सारखा असतो, तो पालकांसाठी सांगतो. पडद्यावरचं दृश्य म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्र तयार करायला कार्डाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातपेक्षाही कमी. कन्सोलवरचे बहुतेक मोठे गेम ३० किंवा ६० वर बांधलेले असतात. लॅपटॉपचा पडदा १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं दाखवू शकणारा असतो, पण म्हणून प्रत्येक गेम तेवढ्याने पळायलाच हवा असं नाही. व्हॅलरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे हलके पण चपळ गेम तेवढे पळतात आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. गोष्ट सांगणाऱ्या, देखण्या गेमसाठी स्थिर ६० भरपूर झाले. जाहिरातीत दुप्पट-तिप्पट फ्रेमचे आकडे दिसतात ते फ्रेम जनरेशनचे असतात: दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड अंदाजाने चित्रं भरतं. डोळ्याला छान वाटतं, पण बटण दाबल्यावर प्रतिसाद त्यामुळे लवकर मिळत नाही. मुळात ५०-६० खऱ्या फ्रेम मिळत असतील तरच ते वापरावं. एनव्हिडियाचं डीएलएसएस अपस्केलिंग मात्र खरंच कामाचं आहे. लहान आकारात चित्र काढून ते मोठं करायचं, असं ते तंत्र आहे, आणि मध्यम कार्डाला त्याने मोठा दिलासा मिळतो.

पडदा निवडताना एक सापळा टाळा. २५६० बाय १६००चा पडदा बघायला सुंदर, पण १९२० बाय १२०० च्या साधारण पावणेदोन पट ठिपके त्यात काढावे लागतात. ४०६० साठी लहान रिझोल्यूशनच बरं. रंगांच्या बाबतीत तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर तो पडदा फिकट दिसणार. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला शोधा.

आता उष्णतेकडे परत येऊ, कारण मुंबईत ती वर्षभर सतावते. आतल्या चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. एसी लावलेल्या खोलीत २४ अंश असताना चिप ७८ वर असेल, तर मे महिन्यात पंख्याखाली ३३ अंशांत तीच चिप ८७ च्या आसपास जाणार. मर्यादा गाठली की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, आणि अर्ध्या तासानंतर गेम अडखळायला लागतो तो यामुळेच. उपाय साधे आहेत. गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळीतून हवा आत जाते आणि चादरीने ती बंद होते. मागची बाजू दोन बोटं उचलली जाईल असा स्टँड ठेवा. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. गरज नसताना १०० फ्रेम काढून कार्ड उगाच तापतं, मर्यादा घातली की पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येण्याइतका कमी होतो. रस्त्याकडेच्या घरात धूळ भरपूर येते. वर्षातून एकदा जाणकाराकडून लॅपटॉप उघडून पंखे साफ करून घ्या, वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच.

आवाजाबद्दल घरच्यांना आधीच कल्पना द्या. जोरात चालणारा गेमिंग लॅपटॉप पीएस५पेक्षा बराच जास्त घोंघावतो. रात्री शेजारी कुणी झोपलेलं असेल तर हे खटकतं.

वीजबिलाची काळजी मात्र फार करू नका. गेम खेळताना लॅपटॉप २०० वॅट घेतो असं धरलं, तर रोज दोन तासांचे महिन्याला १२ युनिट होतात. कन्सोलही तेवढेच खातो.

वजन हा विषय मुंबईत हलका नाही. असा लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा, त्यात चार्जरची पाऊण किलोची भर. डोंबिवलीहून किंवा विरारहून सकाळच्या लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी पाठीवर हे रोज वाहायचं आहे, तेही सॅक पुढे घेऊन उभं राहत. त्यासाठी यूएसबी-सीने चार्ज होणारं मॉडेल बघा. मग मोठा चार्जर घरीच राहतो आणि लहानसा १०० वॅटचा चार्जर सॅकमध्ये जातो. कॉलेजच्या कामाला तो पुरतो, गेमला पुरत नाही. बॅटरीवर गेम खेळायची आशाही ठेवू नका. विमानात न्यायच्या बॅटरीवर साधारण १०० वॉट-आवरची मर्यादा असल्याने त्याहून मोठी बॅटरी लॅपटॉपमध्ये घालत नाहीत. शंभर-सव्वाशे वॅट खाणारं कार्ड ती तासाभरातच संपवेल. म्हणून प्लग काढला की लॅपटॉप कार्डाची वीज आपोआप छाटतो. पावसाळ्यासाठी सॅकला रेनकव्हर आणि आत वेगळी, बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी, दोन्ही ठेवा. भिजून बिघडलेला लॅपटॉप नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लोकलने जाणाऱ्यासाठी ते पैसे सार्थकी लागतात.

कोणते गेम मिळणार नाहीत, हेही मुलाशी आधी बोलून घ्या. सोनीचे स्वतःचे बरेच मोठे गेम पीसीवर आले आहेत, पण उशिरा. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक कन्सोलवर २०२२ मध्ये आला आणि पीसीवर २०२४ मध्ये. जीटीए ६ साठी तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजची आहे. त्यांचा आधीचा क्रम बघा: जीटीए ५ कन्सोलवर २०१३ मध्ये आला, पीसीवर २०१५ मध्ये. मित्रांचा अख्खा कंपू पहिल्या दिवसापासून जीटीए ६ खेळणार असेल आणि याला वाट बघवणार नसेल, तर कन्सोलच घ्या आणि कॉलेजला साधा लॅपटॉप द्या. उलट काउंटर-स्ट्राइक २ कन्सोलवर नाहीच. मुलगा कुठल्या गेममध्ये रमतो हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

आणखी एक फरक सवयीचा आहे. सगळे पीएस५ जवळजवळ सारखे असल्याने गेम बनवणारे त्यासाठी सगळी तयारी आधीच करून देतात. पीसी लाखो तऱ्हांचे, त्यामुळे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम प्रत्येकाच्या कार्डाप्रमाणे त्याच्याच मशीनवर तयार व्हावे लागतात. नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर 'कम्पायलिंग शेडर्स' म्हणत पाच-दहा मिनिटं जातात. ते पूर्ण होऊ द्या. मध्येच बंद करून खेळायला लागलात तर पहिले काही तास गेम अधूनमधून झटके खातो आणि लॅपटॉपच खराब निघाला असं वाटतं.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच नीट परीक्षा घ्या, कारण बदलून द्यायची मुदत थोडी असते. चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर (लॅपटॉपच्या पूर्ण ताकदीच्या सेटिंगवर) एखादा जड गेम तासभर सलग चालवा. सुरुवातीच्या दहा मिनिटांतल्या फ्रेम आणि तासानंतरच्या फ्रेम लिहून ठेवा. थोडी घट चालेल, पण ६० वरून ४० वर आल्या तर थंडावा देण्याच्या यंत्रणेत काहीतरी बिघाड आहे. पडद्यावर काळं चित्र लावून कोपऱ्यांतून उजेड गळतो का ते बघा, चार्जर लावलेला असताना स्पीकरमधून किर्र आवाज येतो का ते ऐका. बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या खालच्या नंबराशी जुळतो ना, हे दुकानातून निघतानाच तपासा, आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी त्याच दिवसापासून सुरू झालेली दिसते का तेही बघा. जुनी तारीख दिसली तर बिल घेऊन लगेच दुकानात जा आणि तारीख दुरुस्त करून घ्या.